माहिती देणारी : स्वतः

'सदर मानसशास्त्रज्ञ या पदासाठी विहित केलेल्या सर्व अर्हता धारण करतात. मंडळासमक्ष घेतलेल्या स्मृतिचाचणीत त्यांना पूर्ण गुण मिळाले आहेत. सबब रुग्ण मुलीचे कथन विश्वासार्ह मानता येत नाही.' चौकशी मंडळाच्या मसुद्यातली ही वाक्यं मंडळाचे सभासद असलेल्या प्राध्यापकांनी सरकारी रुग्णालयाच्या जिन्यात उभं राहून पुन्हा वाचली. तीन विधानं लग्नाच्या फोटोतल्या नातेवाइकांसारखी खांद्याला खांदा लावून उभी होती आणि पाहणाऱ्याला वाटावं, एकाच घरातली आहेत. पण तिसऱ्याचं पहिल्या दोघांशी काहीही नातं नव्हतं. ते कोणीतरी आयत्या वेळी फोटोत घुसवलेलं होतं. पहिलं विधान खरंच होतं. मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदव्युत्तर पदवी, त्यानंतर रुग्णालयात देखरेखीखालचं दोन वर्षांचं प्रशिक्षण, प्रबंध, परिषदेकडची नोंदणी आणि तिचं वेळोवेळी नूतनीकरण; या पदाला जे जे लागतं ते सगळं या मानसशास्त्रज्ञ बाईंपाशी होतं आणि सगळ्याच्या साक्षांकित प्रती जोडलेल्या होत्या. हा नियम प्राध्यापकांना नवा नव्हता. ज्या समितीनं त्याची शेवटची दुरुस्ती केली तिच्यावर ते स्वतः होते. माणूस काय शिकला, कुठं शिकला, कोणाच्या नजरेखाली शिकला हे तो नियम फार बारकाईनं विचारतो, आणि एकदा विचारून झालं की निवृत्तीच्या दिवसापर्यंत डोळे मिटून घेतो. भिंतीत बसवलेलं कपाट जसं भिंतीतच राहतं तसं शिकलेलं डोक्यात राहतं, अशी त्या नियमाची श्रद्धा आहे. विस्मरण हा ज्यांच्या अभ्यासाचा विषय, त्यांनीच लिहिलेल्या नियमात विस्मरणाला जागा नसावी, हा विनोद मोठा होता. तो केल्याबद्दल समितीच्या सभासदांना प्रवासभत्ताही मिळाला होता.

दुसरं विधानही खरं होतं, आणि तेच जास्त भयंकर होतं. सकाळी मंडळाच्या खोलीत जे घडलं ते इतकं लहान होतं, की त्याला घटना म्हणावं की नाही याचा प्राध्यापकांना संध्याकाळपर्यंत निर्णय करता आला नसता. एक तरुण डॉक्टर बाईंची स्मृतिचाचणी घेत होता. संकोचानं त्याचे कान लाल झालेले, कारण ही चाचणी कशी घ्यायची हे त्याला बाईंनीच शिकवलेलं. पाच शब्द सांगायचे, मध्ये घड्याळ काढायला लावायचं, उलटे आकडे विचारायचे आणि मग ते पाच शब्द परत मागायचे. तो म्हणाला, "चमचा... टेकडी... रेशीम... आरसा..." आणि पान उलटायला थांबला. तेवढ्यात बाई सहजपणे म्हणाल्या, "निळा." पाचवा शब्द. अजून कोणी न उच्चारलेला. खोलीत हशा पिकला. अधीक्षक टेबलावर हात आपटून म्हणाले, "बाईंची परीक्षा आपण काय घेणार हो? आपणच नापास व्हायचो!" तरुण डॉक्टरनं सुटकेचा श्वास टाकला आणि सगळे गुण मांडले. हसल्या बाईही. पण त्या एक क्षण उशिरा हसल्या. आधी त्यांनी अधीक्षकांच्या तोंडाकडे पाहिलं, मग डॉक्टरच्या, मग प्राध्यापकांच्या, आणि सगळे हसताहेत याची खात्री झाल्यावर त्या हसल्या. तो एक क्षण प्राध्यापकांच्या छातीत कुठंतरी अडकून बसला होता. खोल विहिरीत दगड टाकावा आणि आवाज यायला नको इतका वेळ लागावा, तसा तो क्षण. आपण पाहिलं ते खरं का, आणि खरं असेल तर किती खोल, या प्रश्नानं त्यांना भीती वाटण्याआधी एक विलक्षण नवल वाटलं होतं. ज्या बाईनं सगळी हयात तेच पाच शब्द माणसांना दिले आणि त्यांच्याकडून परत मागितले, तिची स्मृती मोजायला जगात तेच पाच शब्द सोडून काहीही चाललं असतं. ते शब्द आता तिच्या आठवणीत नव्हतेच. ते त्याखाली, जिथं चालणं आणि गिळणं असतं तिथं जाऊन बसले होते. उद्या ती स्वतःचं नाव विसरली असती तरी 'आरसा'नंतर 'निळा' म्हणाली असती. आणि याला मंडळ पूर्ण गुण म्हणत होतं.

"सर, एक सही तेवढी राहिली," अधीक्षकांनी जिन्याच्या वरच्या टोकाशी त्यांना गाठलं. ढेरी सांभाळत, प्रसन्न चेहऱ्यानं वावरणारे हे गृहस्थ कोणत्याही चौकशीला 'उरकून टाकू' या सुरात सामोरे जात.

"संध्याकाळपर्यंत देतो."

"द्या की सावकाश. पण आहे काय त्यात? बाईंच्या विरोधात एका वेड्या मुलीचा शब्द."

"हा शब्द वापरू नये असं परिपत्रक तुमच्याच सहीनं निघालंय ना?"

"परिपत्रक भिंतीसाठी असतं, सर," अधीक्षक डोळे मिचकावून म्हणाले आणि उपाहारगृहाच्या दिशेनं गेले.

मुलीचा तो शब्द असा होता. स्त्रियांच्या कक्षात दाखल असलेल्या एका मुलीच्या उशीच्या अभ्र्यात, चादरी बदलताना सिस्टरांना गोळ्या सापडल्या. रोज गिळल्याचं दाखवून साठवलेल्या. मुलगी म्हणाली, मी हे बाईंना आधीच सांगितलं होतं. अशी गोष्ट कानावर आली की मानसशास्त्रज्ञानं त्याच घटकेला कक्षाला कळवायचं असतं. या पेशात एवढा एक नियम असा आहे की जो कोणी मोडत नाही. बाईंनी कळवलं नव्हतं. मंडळानं विचारलं तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "नाही. तिनं मला असं काही सांगितलं नाही." त्या विसरल्या तर नसतील, ही शंका रीतसर मिटवायला सकाळची ती चाचणी झाली होती. एका बाजूला अर्हता आणि पूर्ण गुण, दुसऱ्या बाजूला बिछान्यातली मुलगी. मंडळाला विचार करायला चहा संपेपर्यंतचाही वेळ लागला नाही. मुलीच्या केसपेपरवर 'असत्य कथनाची प्रवृत्ती' असं लाल शाईत चढलंसुद्धा. त्या लाल ओळीचा अर्थ प्राध्यापकांना नीट कळत होता. पुढच्या वेळी ती मुलगी कोणाला तरी खरं सांगेल, तेव्हा ऐकणारा आधी ती ओळ वाचेल.

बाईंच्या खोलीकडे जाणाऱ्या बोळात, बाकावर त्या मुलीची मावशी बसलेली होती. मांडीवर डबा, डब्यावर दोन्ही हात. सकाळपासून तिला कोणी आत बोलावलं नव्हतं. प्राध्यापकांच्या गळ्यातलं मंडळाचं ओळखपत्र पाहून ती उठली. "साहेब, माझी भाची खोटं नाही बोलत हो. अहो, खोटं बोलता आलं असतं तर इथवर आली असती का ती? चार लोकांसारखं 'बरी आहे, बरी आहे' म्हणत घरीच नसती राहिली?" प्राध्यापकांनी आयुष्यभर जी पुस्तकं वाचली होती त्यांत मनोविकाराच्या अनेक व्याख्या होत्या, पण इतकी सोपी एकही नव्हती. मावशी आवाज खाली आणून म्हणाली, "सांगितलंन म्हणते ती. आणि सांगून झाल्यावर तिच्या घशाला कोरड पडली, तर बाई स्वतः उठल्या, पाणी दिलं. नुसता पेला पुढं नाही केला. तिचे दोन्ही हात पेल्याभोवती नीट धरायला लावले, लहान मुलाचे धरतात तसे. असलं कोण मनानं रचेल, सांगा तुम्ही? खोटं बोलणारं माणूस पाण्यापर्यंत जातं का?" हे कोणाला सांगितलंत का, असं त्यांनी विचारलं. "मला कोण विचारतंय?" मावशी म्हणाली आणि परत बसली.

बाईंची खोली होती तशीच होती. दोन खुर्च्या, समोरासमोर नव्हे, जरा तिरप्या. समोरासमोर बसवलं की माणूस जबाब देतो, तिरपं बसवलं की बोलतो, असं त्या म्हणत. कोपऱ्यात पाण्याचा माठ, पेला. एका भिंतीत ती काच, जिच्यातून पलीकडच्या अंधाऱ्या खोलीत बसलेल्याला सगळं दिसतं आणि इकडच्याला फक्त स्वतःचं प्रतिबिंब. त्या काचेपलीकडे बसून बाईंनी प्राध्यापकांना, ते प्राध्यापक होण्याच्या फार आधी, काम करताना पाहिलं होतं. नियमात 'देखरेखीखालील प्रशिक्षण' म्हणून जे दोन कोरडे शब्द आहेत त्यांचा खरा अर्थ एवढाच: काचेपलीकडे कोणीतरी आहे, आणि तुम्ही तिला पाहू शकत नाही. प्राध्यापकांचा पहिला रुग्ण एक सुतार होता. तो म्हणाला होता, "माझ्या डोक्यात कोणीतरी रात्रभर फर्निचर सरकवतंय, आणि अजून त्याला जागा पसंत पडत नाही." त्यांनी कागदावर लिहिलं, 'श्रवणभ्रम'. बाई काचेमागून बाहेर आल्या, कागद वाचला आणि त्याचे दोन तुकडे केले. "हे तू म्हणालास. तो काय म्हणाला?" मग त्यांनी तो धडा दिला होता, जो पुढं प्राध्यापकांनी शेकडो विद्यार्थ्यांना स्वतःचा म्हणून ऐकवला: मुख्य तक्रार नेहमी रुग्णाच्या शब्दांत, अवतरणचिन्हांत, जशीच्या तशी. सुधारायची नाही, आटपशीर करायची नाही, चुकलेलं वाक्य चुकलेलंच लिहायचं. आणि त्याच्याही आधी, कागदाच्या माथ्यावर दोन ओळी: माहिती देणारा कोण, आणि त्याची विश्वासार्हता किती. "जागा पसंत पडत नाही म्हणाला ना तो? मग त्या सरकवणाऱ्याचीही दमछाक होत असेल रे," बाई म्हणाल्या होत्या, आणि तेवीस-चोवीस वर्षांच्या त्या पोराच्या अंगावर काटा आला होता. दुसऱ्याच्या मनात इतक्या सहज, चपला बाहेर काढून शिरता येतं हे त्यानं तोवर पुस्तकात वाचलेलंही नव्हतं. तो पुढं पुस्तकांकडेच गेला. घरी बायको अजूनही म्हणते, "माणसांपेक्षा तळटिपा बऱ्या, नाही का? उलट बोलत नाहीत."

"ये रे," बाई म्हणाल्या. "मंडळ जेवायला गेलं वाटतं. तू उपाशीच हिंडतोयस."

"बाई, सकाळची चाचणी—"

"फालतू होती." त्या हसल्या. "मला पाठ आहे ती. मला त्यात नापास करायचं तर आधी माझी जीभ कापावी लागेल. तुला घ्यायचीय परीक्षा? घे ना. पण शब्द तुझे आण. माझे नकोत."

म्हणजे त्यांना माहीत होतं. निदान या क्षणी माहीत होतं. प्राध्यापकांनी खिडकीबाहेर पाहिलं, मग खोलीत, आणि एकमेकांशी संबंध नसलेले पाच शब्द उचलले: शिडी, वाटाणा, कुलूप, धूर, पिवळा. बाईंनी ते शहाण्या मुलीसारखे लागलीच म्हणून दाखवले. मग दोघं बोलत बसले. त्या सुताराबद्दल बाई बोलल्या, त्याच्या बोटाला असलेल्या वासापर्यंत सगळं सांगितलं. त्याची बायको दर वेळी दाराबाहेर उभी राहून त्याचा सदरा कसा सारखा करायची, तेही. पंचवीस वर्षांपूर्वीचा तो माणूस खोलीत येऊन बसावा इतकं ते जिवंत होतं. ऐकताना प्राध्यापकांचा संशय विरघळू लागला. कुठं काय बिघडलंय? हे तर अजून तेच भव्य घर आहे, सगळे दिवे लागलेले. मग त्यांनी घसा साफ केला आणि विचारलं, "बाई, ते शब्द?"

"कुठले शब्द?"

आवाजात काहीच नव्हतं. धडपड नव्हती, आठवण्याचा प्रयत्न नव्हता. शब्द गेले असते तर त्यांची रिकामी जागा दिसली असती. इथं जागाच गेली होती. प्राध्यापक चेहरा सांभाळण्याची शिकस्त करत होते. पण ज्या बाईसमोर ते बसले होते, तिनं चाळीसेक वर्षं चेहरे वाचण्यापलीकडे दुसरं काही केलं नव्हतं. बाईंची नजर त्यांच्या डोळ्यांवर आली, तिथून जबड्यावर, तिथून गुडघ्यावर घट्ट मिटलेल्या मुठीवर. सकाळी मंडळात हसण्याआधी जशी ती चेहऱ्यांवरून फिरली होती, तशीच. आणि मग प्राध्यापकांनी आयुष्यात पूर्वी कधी पाहिलं नव्हतं ते पाहिलं. स्वतःच्या डोक्यात ज्याचा मागमूस नाही ते बाईंनी त्यांच्या चेहऱ्यावरून काढलं. क्ष-किरणांचं चित्र उजेडाला धरून डॉक्टर स्वतःचाच मोडलेला हात वाचतो तसं, न डगमगता.

"तू मला शब्द दिले होतेस," त्या हळू म्हणाल्या. "आत्ता. आणि मी म्हणूनही दाखवले असणार. होय ना?"

"हो."

"बघ." एवढंच त्या म्हणाल्या, आणि त्या 'बघ'मध्ये दुःख नव्हतं. विद्यार्थ्याला सूक्ष्मदर्शकाशी बोलावताना जो आवाज निघतो, तो होता. प्राध्यापकांना एकाएकी आपण फार मोठ्या, फार जुन्या इमारतीत उभे आहोत असं वाटलं, जिच्या खोल्यांमागून खोल्या अंधारात जात आहेत आणि एकच बाई हातात कंदील घेऊन, कोणती खोली गेली हे मोजत शांतपणे फिरते आहे. ही पात्रता कोणत्या विद्यापीठाची? ही कोणत्या नियमात लिहायची? स्वतःचं मन विझत असताना त्याची नोंद ठेवू शकणारी ही जी तालीम आहे, ती सगळ्यात शेवटी जाणार होती, शब्दांनंतर, नावांनंतर. आणि ही थोरवी त्या मुलीच्या काडीच्याही उपयोगाची नव्हती. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या, आणि प्राध्यापकांना त्यांपैकी एकीसाठी दुसरीला सोडणं शक्य नव्हतं. बाईंपुढे माथा टेकवावा असं त्यांना वाटत होतं, आणि त्याच वेळी त्यांच्या हातून पेशंट काढून घ्यायलाच हवेत, आजच, हेही.

"बाई, ती मुलगी..." त्यांनी सुरुवात केली आणि लाल ओळीचं सगळं सांगितलं: मंडळानं काय ठरवलं, मुलीच्या कागदावर काय चढलं. मावशीनं सांगितलेलं मात्र त्यांनी मुद्दाम सांगितलं नाही. एका साक्षीदाराच्या तोंडचं दुसऱ्याच्या कानात घालायचं नाही, हेही बाईंनीच शिकवलेलं. बाईंनी डोळे मिटले. त्यांचे हात मांडीवरून उचलले गेले आणि हवेत, एका अदृश्य गोल वस्तूभोवती, दुसऱ्या कोणाचे तरी हात धरल्यासारखे थांबले.

"कागद घे," बाई म्हणाल्या. "पटकन घे. हे फार वेळ टिकणार नाही."

त्यांच्यापाशी कागद एकच होता. त्यांनी मसुदा पालथा केला.

"माथा आधी घाल. माहिती देणारी: स्वतः. विश्वासार्हता?" त्या थांबल्या. हातात पेन धरलेल्या प्राध्यापकांना काही लिहवेना. "अरे, लाजतोस काय? लिही, कमी. आणि पुढचं माझ्या शब्दांत. सुधारलंस तर फाडीन."

त्यांनी सुधारलं नाही. त्या बोलत गेल्या, ते लिहीत गेले. वाक्य लांबलं तिथं लांबू दिलं, अडखळलं तिथं अडखळू दिलं. बोलून झाल्यावर बाई खिडकीबाहेर पाहू लागल्या, आणि मग वळून त्यांनी आणखी दोन वाक्यं उच्चारली. पेन ठेवायला निघालेला हात थबकला. ही वाक्यं घ्यायची की नाही? ती गाळली असती तर बाईंची लाज राहिली असती, आणि समोरच्या काचेत प्राध्यापकांना स्वतःखेरीज कोणीही दिसत नव्हतं. मग त्यांनी तीही घेतली, कारण पलीकडे कोणीतरी आहे असं समजून लिहायला त्यांना याच खोलीत शिकवलं गेलं होतं. संध्याकाळी मंडळापुढे सहीऐवजी जे ठेवलं गेलं ते असं:

'मंडळानं विचारलं तेव्हा मी म्हणाले, तिनं सांगितलं नाही. ते खोटं होतं. मला माहीत नव्हतं, आणि माहीत नाही म्हणायची मला भीती वाटली, म्हणून मी नाही म्हणाले. ती मुलगी काय बोलली ते माझ्यापाशी नाही. पण बोलून झाल्यावर मी तिला पाणी दिलं, आणि तिचे दोन्ही हात पेल्याभोवती धरले, कारण ते कापत होते. साध्या बोलण्यानंतर मी कोणाचे हात धरत नाही. त्या दिवशी घरी गेल्यावर मला भीती वाटत होती, जेवताना, निजताना, आणि कशाची ते आठवेना. गोष्ट गेली आणि भीती तेवढी राहिली. पेशंटचं असं होतं हे मी शिकवलंय. म्हणजे तिनं मला सांगितलं होतं. तिच्या कागदावरची ती ओळ आधी खोडा, मग माझं काय करायचं ते करा. आता वाचून दाखव बघू. कोणाबद्दल आहे हे?'